अप्पा बळवंत चौकाजवळचं झेरॉक्सचं दुकान: झीन छापणाऱ्यांसाठी मोठा रिव्ह्यू

पुण्यात झीन कुठे छापून मिळेल, आणि तेही आमच्यासारखं, म्हणजे ज्यात उघडी शरीरं आहेत, कुबड्या आणि पायाला बांधायचे कॅलिपर आहेत, धड बाई नाही धड पुरुष नाही अशी माणसं आहेत, असं मला बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. लांबलंय पण ज्यांना खरंच छापायचंय त्यांच्या कामाचं आहे.

झीन म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, आपणच लिहायचं, आपणच चित्रं काढायची, झेरॉक्स मारायच्या, मध्ये घडी घालून पिना मारायच्या आणि हातोहात विकायचं नाहीतर वाटायचं. मराठीत हे काही आज आलेलं नाही, साठच्या दशकातली लघुनियतकालिकं अशीच खिशातल्या पैशांवर निघायची, काही तर सायक्लोस्टाईलवर, म्हणजे स्टेन्सिल कापून हाताने काढलेल्या प्रतींवर. क्विअर लोकांचं, म्हणजे समलैंगिक, ट्रान्स वगैरे आमच्यासारख्यांचं म्हणाल तर अशोक राव कवींनी १९९० मध्ये मुंबईतून बॉम्बे दोस्त हे नियतकालिक सुरू केलं, आणि लेबिया या मुंबईच्याच गटाने स्क्रिप्ट्स नावाचं झीन कितीतरी वर्षं काढलं. आमचा गट लहान आहे. मी, सेरेब्रल पाल्सी असलेली, दोन एल्बो कुबड्यांवर चालणारी आणि बायकांवर प्रेम करणारी बाई, एक ट्रान्स पुरुष मित्र (जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगी समजलेला) जो कॉमिक काढतो, एक पूर्ण अंध मैत्रीण जी कविता लिहिते, आणि कॉलेजात शिकणारं एक पोर जे स्वतःला मुलगा पण म्हणत नाही आणि मुलगी पण नाही. बाकी येऊन जाऊन असतात.

दुकानाचं नाव इथे जाहीर लिहीत नाहीये, मालकांना विचारलं होतं, ते म्हणाले ताई तुमच्या ओळखीतून जे येतील त्यांचं काम करू, नेटवर नाव नको. म्हणून ज्यांना पाहिजे त्यांनी मेसेज करा, पत्ता देते. चौकातून जोगेश्वरीच्या बाजूला आत शिरलं की गल्लीत आहे, दोन शटरचं, एका शटरमध्ये झेरॉक्स मशीन आणि दुसऱ्यात डीटीपी आणि बाइंडिंग.

आधी पोचण्याचं सांगते कारण माझ्यासारख्यांसाठी रिव्ह्यू तिथूनच सुरू होतो. रिक्षा गल्लीत जात नाही, चौकात उतरावं लागतं आणि फुटपाथवर पुस्तकांचे ढीग, टू-व्हीलर आणि माणसं, त्यामुळे कुबडी टेकवायला जागा शोधत शोधत जावं लागतं. मंडईपर्यंत मेट्रो आल्यापासून निम्मं सोपं झालंय, स्टेशनला लिफ्ट आहे, तिथून पुढे रिक्षा करते. दुकानाला एक पायरी आहे आणि ती चांगली उंच आहे, जवळजवळ गुडघ्याच्या निम्म्याला येते, रॅम्प नाही, धरायला काही नाही. व्हीलचेअरवाल्यांना आत जाताच येणार नाही हे स्पष्ट सांगते. यावर त्यांनी काय केलंय तर फोन केला की मुलगा बाहेर येतो, फुटपाथवर स्टूल टाकतो, प्रूफ बाहेर आणून दाखवतो. पहिल्यांदा गेले तेव्हा त्याने काखेत हात घालून मला वर ओढलं नाही, जे जवळजवळ प्रत्येक दुकानात होतं, तो म्हणाला, ताई आत येणार का मी बाहेर आणू, आणि आत येणार म्हणाले तर हात कुठे धरू. हे त्याला कोणी शिकवलं मला माहीत नाही पण मला त्याचं फार अप्रूप वाटलं. तरी पायरी ती पायरीच. लाकडी फळी केली तरी चालेल असं मी काकांना, म्हणजे मालकांना म्हणलंय, ते हो म्हणतात, अजून झालेली नाही. एक स्टार इथेच कापला.

आता मुख्य गोष्ट. आमच्यासारखं लिखाण छापायला देणं म्हणजे नुसतं कागद-शाईचं काम नसतं. आपलं शरीर, आपलं जेंडर, आपल्या जखमा असं सगळं एका परक्या माणसाच्या स्क्रीनवर उघडायचं असतं आणि तो ते वाचणार असतो, मान्य करा नाहीतर नका करू. घरच्यांनी वाचायच्या आधी डीटीपीवाला वाचतो. म्हणून तो माणूस कसा आहे हे मशीन कुठलं आहे यापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

याआधी आम्ही शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी काम दिलं होतं, नाव घेत नाही. माझ्या मित्राचं चार पानी कॉमिक होतं, शाळेतला युनिफॉर्म, छातीवर घट्ट गुंडाळलेली ओढणी, मग पहिला बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून आत घालायचा घट्ट कपडा), आणि आरशासमोर पहिल्यांदा सरळ उभं राहणं. सगळं लिखाण अर्थातच "मी गेलो, मी बघितलं, मी रडलो" असं. तिथल्या ऑपरेटरने ते सगळं बदलून "मी गेले, मी रडले" करून टाकलं, कारण पहिल्या पानावर फ्रॉकमधल्या मुलीचं चित्र होतं आणि त्याला वाटलं टायपिंगची चूक आहे. छापून आल्यावर कळलं. वाईट हेतू नव्हता हे मला कळतं पण माझ्या मित्राने त्या प्रती घरी नेल्या आणि कोणालाच दिल्या नाहीत. ज्या एका गोष्टीसाठी माणूस इतकी वर्षं भांडला तीच कोणीतरी मदत म्हणून पुसून टाकली, यावर काय बोलणार.

या दुकानात त्याच्या उलट घडलं. त्या कॉलेजातल्या पोराची कविता होती, तिच्यात एका ओळीत "मी निघालो" आणि पुढच्या ओळीत "मी पोचले" असं मुद्दामच आहे, एका जागी तर "मी झोपलं" पण आहे. मला संध्याकाळी फोन आला, डीटीपी करणाऱ्या ताई होत्या, म्हणाल्या, पान अकरावर क्रियापदं वेगवेगळी आहेत, ते तसंच ठेवायचंय ना, का बघून सांगता? बस. का, कशाला, हे कोणी लिहिलंय, काही नाही. मी म्हणलं तसंच ठेवायचंय, त्या म्हणाल्या बरं, मग बारावरचं "गेलं" पण तसंच ठेवते. म्हणजे त्यांनी नीट वाचलं होतं. आणि माझ्या मित्राने पहिल्याच भेटीत एकदा सांगितलं तेव्हापासून त्याला दादा म्हणतात, फोनवर त्याचा आवाज ऐकूनही दादाच, आणि बिलावरही त्याने सांगितलेलंच नाव.

चित्रांचं काय झालं तेही सांगते. आमच्यात एक जण फिगर ड्रॉईंग करते, तिने माझी पण चित्रं काढलीयेत, कपड्यांशिवाय, कुबड्यांसकट. माझ्या पाठीला बाक आहे, एक पाय आत वळलेला आहे, टाचेमागे लहानपणीच्या ऑपरेशनचा व्रण आहे. आयुष्यभर हे शरीर फक्त डॉक्टरांनी बघितलं, तेही एक्सरे वर करून, विद्यार्थ्यांना दाखवत. कोणीतरी दोन तास बसून ते रेषेत पकडावं, व्रणाची रेघसुद्धा प्रेमाने काढावी, हे मला पाहिजे होतं आणि ते छापून लोकांनी बघावं हेही मला पाहिजे होतं. अपंग बाईचं शरीर म्हणलं की लोकांना एकतर दया येते नाहीतर ते तिला बाई समजतच नाहीत, तिला कोणी हवंसं वाटू शकतं आणि तिलाही कोणी हवंसं वाटतं हे डोक्यातच येत नाही. त्या पानांवर माझा हात तिच्या गळ्यात आहे असंही एक चित्र आहे.

तर ही पानं बघून काउंटरवरचा नवीन मुलगा थबकला, काकांकडे बघायला लागला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही, छापणाऱ्यांना अश्लीलतेच्या कायद्याची भीती असतेच, आधी आयपीसीचं कलम २९२ होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते २९४ आहे. त्याच कलमात कला, साहित्य, विज्ञान, शिक्षण यांच्यासाठी केलेल्या गोष्टींना सूट दिलीये हे मात्र कोणी सांगत नाही. काकांनी पानं हातात घेतली, उलटली, आणि म्हणाले, आमच्या वडिलांकडे कर्व्यांचे अंक होते, त्याच्या कव्हरवर पण असं असायचं, छाप.

कर्वे म्हणजे र. धों. कर्वे आणि अंक समाजस्वास्थ्यचे. १९२७ पासून १९५३ पर्यंत, अगदी मरेपर्यंत त्यांनी ते मासिक चालवलं, कव्हरवर नग्न चित्रं छापली, संततिनियमनावर आणि कामजीवनावर सरळ मराठीत लिहिलं. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, त्यातल्या १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि विषय काय होता तर वाचकांनी हस्तमैथुनाबद्दल, समलैंगिकतेबद्दल विचारलेले प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरं. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक चालूच राहिलं. हे असं पाश्चात्त्यांचं खूळ आहे असं जे आम्हाला ऐकवतात त्यांना मी नेहमी हे सांगते, पण बुधवार पेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात कोणी मला ते सांगेल असं वाटलं नव्हतं.

आता एक फार महत्त्वाची गोष्ट जी कोणी रिव्ह्यूत लिहीत नाही, ती म्हणजे आपल्या फाईलचं पुढे काय होतं. कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर बघा, लोकांची आधार कार्डं, मार्कशीट, रिझ्युमे, भाडेकरार सगळं पडलेलं असतं, व्हॉट्सअॅप वेब दिवसभर चालू असतं आणि पुढचं गिऱ्हाईक स्क्रीनकडे बघत उभं असतं. आपण जर घरी सांगितलेलं नसेल आणि दुकान आपल्याच एरियातलं असेल तर हे किती धोक्याचं आहे विचार करा. इथे मी पहिल्याच दिवशी विचारलं की फाईल डिलीट कराल का, तर त्यांनी माझ्यासमोर डिलीट केली आणि रिसायकल बिन पण रिकामा केला. तरीही माझा सल्ला असा की व्हॉट्सअॅपवर पाठवू नका कारण तिथे तुमचा नंबर आणि फोटो जातो, पेन ड्राईव्ह न्या, आणि फाईलला नाव देताना "ट्रान्स कविता फायनल" असं देऊ नका, काहीतरी साधं द्या. आतल्या पानांवर टोपणनाव असलं तरी फाईलच्या प्रॉपर्टीमध्ये लॅपटॉपवाल्याचं खरं नाव राहू शकतं, तेही काढा.

आणि वेस्टेज! म्हणजे छपाईत खराब गेलेले कागद. दुकानं ते फेकत नाहीत, मागची बाजू कोरी असते म्हणून हिशोब करायला, पेन चालवून बघायला काउंटरवर ठेवतात, नाहीतर त्यातच दुसऱ्याच्या झेरॉक्स गुंडाळून देतात. माझं शरीर कोणाच्या तरी लाईट बिलाभोवती गुंडाळून जायला नको होतं. मी सांगितल्यावर काकांनी पोरांना बजावलं की यांच्या कामातला एकही कागद इथे राहता कामा नये, आणि खरंच, डिलिव्हरीच्या वेळी खराब पानांचा वेगळा गठ्ठा बांधून मिळतो. आता मी न सांगता मिळतो. फाडून टाकायचं का ठेवायचं ते आपण ठरवायचं.

छपाई कशी आहे? चांगली आहे, अप्रतिम नाही. आमचं झीन चोवीस पानी, ए-फोर कागद मध्ये दुमडून, म्हणजे सहा कागद फ्रंट-बॅक. पानांची संख्या चारच्या पटीत ठेवा नाहीतर कोरी पानं येतात. बुकलेटचं सेटिंग ते करून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आतला कागद ७५ जीएसएम (हे कागदाच्या वजनाचं माप, आकडा कमी तितका कागद पातळ) घेऊ नका, मागचं चित्र पुढे दिसतं आणि कवितेच्या ओळींतून कोणाचा तरी पाय जातो, १०० जीएसएम घ्या. रेषांची चित्रं सुंदर येतात, पेनाची बारीक रेघ पण सुटत नाही. पण मोठा काळा भाग असेल तर काळा एकसारखा येत नाही, पट्टे दिसतात, आमच्या एका पानावर पूर्ण काळ्यावर पांढरी अक्षरं होती ती नाराज करणारी आली. कव्हरला काळा भाग घडीवर येत असेल तर तिथे टोनर, म्हणजे मशीनची सुकी शाई, तडकतो आणि पांढरी रेघ पडते कारण टोनर कागदात मुरत नाही, वरच बसतो. त्यावर उपाय म्हणजे आधी क्रीझिंग करून घ्यायचं, म्हणजे घडीच्या जागी कागदावर रेघ दाबून घ्यायची, ते त्यांच्याकडे होतं, मागून घ्या, स्वतःहून करत नाहीत. मशीन कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापत नाही, म्हणून चारही बाजूंनी समास सोडा. फ्रंट-बॅकमध्ये थोडं सरकतंच, त्यामुळे दोन पानांवर पसरलेलं चित्र ठेवायचं असेल तर मधल्याच पानांवर ठेवा, बाकी कुठे ठेवलं तर चेहरा एकीकडे आणि खांदा दुसरीकडे होईल.

देवनागरीचं सांगायलाच हवं. वर्डमध्ये केलेली फाईल तशीच नेऊ नका, त्यांच्याकडे तो फॉन्ट नसेल तर रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. पीडीएफ करून न्या आणि फॉन्ट एम्बेड झालाय का, म्हणजे फाईलच्या आतच बसलाय का बघा. तरीही प्रूफ मागा. डीटीपीवाल्या ताई प्रूफ दिल्याशिवाय छापत नाहीत ही त्यांची फार चांगली सवय आहे, पण घाईत असाल तर लोक नको म्हणतात, तसं करू नका.

मला सगळ्यात आवडलेला भाग आमच्या अंध मैत्रिणीमुळे झाला. तिचा सरळ सवाल होता, माझ्या कविता छापताय पण मी त्या वाचणार कशा? आणि बरोबरच आहे. शरीरांबद्दल झीन काढायचं आणि ज्या शरीराला डोळ्यांनी वाचता येत नाही त्याला बाहेर ठेवायचं हे कसं चालेल. ती हॉस्टेलमध्ये स्पर्शज्ञान वाचत मोठी झाली, स्वागत थोरातांनी २००८ मध्ये सुरू केलेलं मराठीतलं ब्रेल पाक्षिक, त्यामुळे मराठीत ब्रेलमध्ये अंक निघू शकतो हे तिला आम्हाला पटवून द्यावं लागलं नाही, आम्हालाच लाज वाटली. पूर्ण ब्रेल प्रत झेरॉक्सवर होत नाही, ते वेगळ्या मशीनचं काम आहे. मग आम्ही तीन गोष्टी केल्या. ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी अठरा पॉइंटमध्ये, न दुमडता, पूर्ण ए-फोरवर मोठ्या अक्षरांची प्रत. सगळ्यांसाठी मागच्या कव्हरवर क्यूआर कोड, त्यात तिच्या आवाजात सगळं झीन, चित्रांच्या वर्णनासकट. पण क्यूआर कोड कुठे आहे हे अंध माणसाला कळणार कसं? तर दुकानातल्या बाइंडिंगवाल्या दादांनी सुचवलं की त्या कोपऱ्याला पंचने एक भोक पाडतो, बोट लागलं की फोन तिथे धरायचा. इतकं साधं. ते आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं, ज्या माणसाने अंध वाचकासाठी कधी काही केलं नव्हतं त्याच्या आलं. त्याने वेगळे पैसे पण घेतले नाहीत. आणि कव्हरवरचं नाव ब्रेलमध्ये तिने स्वतः पाटी आणि स्टायलसने टोचलं, प्रत्येक प्रतीवर, उजवीकडून डावीकडे, कारण ठिपके मागून टोचायचे असतात. त्यासाठी कव्हर पिना मारायच्या आधी सुटी हवी होती, तर कव्हरं दोन दिवस आधी छापून दिली. एवढंच की जाड कार्डवर ठिपके छान उठतात पण गठ्ठ्यावर वजन ठेवलं की दबतात, म्हणून बांधताना सांगावं लागतं.

माझ्या चित्रांचं वर्णन लिहिताना आम्ही बराच वेळ भांडलो ते वेगळंच, तिचं म्हणणं होतं की "सुंदर" असं लिहू नका, पाठ कशी वळलीये, हात कुठे आहे, व्रण किती लांब आहे ते सांगा, सुंदर आहे का नाही ते मी ठरवीन. तसंच लिहिलं. ते ऐकून मला माझं शरीर नवीन कळलं.

रेट बाकीच्यांसारखेच आहेत, गठ्ठ्यात काळ्या-पांढऱ्या प्रिंट स्वस्त पडतात, रंगीत महाग आहेत, म्हणून आम्ही कव्हर रंगीत कागदावर काळ्यात छापतो, गुलाबी आणि पिवळा कागद त्यांच्याकडे कायम असतो. सेंटर पिन आणि कटिंगचे वेगळे पैसे, ते आधी विचारून घ्या, बिलावर नंतर बघून दचकायला नको. कमी प्रतींना नाही म्हणत नाहीत, तीस प्रती पण करून देतात आणि पन्नासच्या पुढे थोडं कमी करतात. पिना कधीकधी तिरक्या लागतात, गठ्ठा तिथेच उघडून बघा, लगेच बदलून देतात.

वेळ दुपारी एक ते चार बंद, पुणे आहे. जूनमध्ये अॅडमिशनची गर्दी असते तेव्हा दोन दिवसाचं काम आठवड्यावर जातं. आणि गणपतीच्या आधी तर अजिबात जाऊ नका, मंडळांची पावतीपुस्तकं, अहवाल, बॅनरची डिझाईन यातून त्यांना मान वर करायला वेळ नसतो आणि गल्लीत मांडव पडला की कुबडी घेऊन आत शिरणं अवघड होतं. दिवाळीनंतर जा, तेव्हा ताई पण निवांत असतात आणि प्रूफ नीट वाचतात. पाचपैकी चार स्टार, फळी बसली की पाचवा देईन.